फुफ्फुसाला भोक कोण पाडतं?

भंडारा रोड नावाचं रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीत आहे. हावडा-नागपूर-मुंबई मार्गावरचं हे गाव मोहाडी तालुक्यात येतं. गावाला लागून सनफ्लॅगचा पोलाद कारखाना, भोवती धानाच्या बांध्या आणि अधूनमधून राईस मिल. अशा गावात खोकल्याला कारणांचा तोटा नसतो. रोवणीत भिजलो होतो, मिलमध्ये कोंडा नाकातोंडात गेला, थंडी बाधली, बिडी सुटत नाही, खर्रा जरा जास्तच होतो. यातलं एखादं कारण खरंही असतं. पण या कारणांच्या आडोशाने खोकल्याचे दोन आठवडे सहा होतात, मेडिकलमधून आणलेल्या सिरपच्या बाटल्या रिकाम्या होतात, संध्याकाळी अंग कणकणतं, रात्री घामाने बनियन भिजतं, पँट कमरेवर राहीनाशी होते. मग कोणीतरी एक्स-रे काढायला लावतं. फिल्मवर उजवीकडे अगदी वर, गळ्याजवळच्या आडव्या हाडामागे, एक काळं वर्तुळ दिसतं आणि त्याला पांढरी जाड कड असते. डॉक्टर त्याला कॅव्हिटी म्हणतात. घरी सांगताना त्याचं ‘फुफ्फुसाला भोक पडलं’ असं होतं.

भोक पडलेलं असतं, यात शंका नाही. ते कोणी पाडलं, याबद्दल मात्र आपली समजूत बहुधा चुकीची असते. जंतूने फुफ्फुस कुरतडून खाल्लं, असं आपण धरून चालतो. क्षयाच्या जंतूला हे काम एकट्याने करता येत नाही. घटसर्पाचा किंवा धनुर्वाताचा जंतू जहाल विष सोडतो आणि माणूस त्या विषाने मरतो. क्षयाचा जंतू तसलं काही रक्तात सोडत नाही. फुफ्फुसाचा चिवट सांगाडा विरघळवणारे पाचक रस असतात आपल्याच पेशींचे. जंतूला कोंडण्यासाठी, मारण्यासाठी शरीर जे करतं, त्याचीच बरीचशी किंमत फुफ्फुस चुकवतं. क्षय समजून घ्यायचा तर ही उलटी गोष्ट आधी गळी उतरायला हवी.

सुरुवात एका श्वासाने होते. आजारी माणूस खोकतो तेव्हा उडालेल्या थेंबांतले मोठे जमिनीवर पडतात किंवा आपल्या नाकातच अडकतात. धोका एक ते पाच मायक्रॉनच्या कणांचा. बंद खोलीत ते तासन् तास तरंगत राहतात आणि श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत पोचतात. हिवाळ्यात दारं-खिडक्या लावून एका खोलीत पाच-सहा जण झोपणारं घर त्यांच्या सोयीचं. उघडं अंगण, वारा, ऊन त्यांच्या गैरसोयीचं. जेवणाच्या ताटातून, हात मिळवल्याने किंवा कपड्यांतून फुफ्फुसाचा क्षय पसरत नाही. तरी घरोघरी पहिली वेगळी होते ती ताटवाटीच.

वायुकोशात भक्षक पेशी पहाऱ्यावर असतात. आलेला जंतू त्या गिळतात. एरवी गिळलेला जंतू पेशीच्या आत एका पिशवीत बंद होतो, त्या पिशवीला पाचक रसांची दुसरी पिशवी येऊन मिळते आणि प्रकरण संपतं. क्षयाचा जंतू या दोन पिशव्यांची गाठ पडू देत नाही. त्याच्या भोवतीचं मेणचट, चरबीचं जाड आवरण त्याच्या उपयोगी पडतं. ज्या पेशीने त्याला संपवायचं तिच्याच पोटात तो वाढू लागतो, तेही अत्यंत सावकाश. पोटातला साधा ई. कोलाय जंतू अनुकूल स्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो; याला जवळजवळ वीस तास लागतात. क्षय आठवड्यांच्या आणि महिन्यांच्या चालीने पुढे सरकतो, त्याचं एक मूळ इथे आहे.

पहिले काही आठवडे माणसाला काहीच जाणवत नाही. या काळात काही जंतू जवळच्या लसिका गाठींत पोचतात, तिथून रक्तात उतरून शरीरभर विखुरतात. मणका, मूत्रपिंड, मेंदूची आवरणं, कुठेही एखाद-दुसरा जंतू जाऊन बसतो. या प्रवासाचं महत्त्व पुढे कळेल. दोन ते आठ आठवड्यांत शरीराला या पाहुण्याची ओळख पटते, त्याच्यासाठी खास तयार झालेल्या टी पेशी जागेवर येतात आणि बांधकाम सुरू होतं.

त्या बांधकामाला वैद्यकात ग्रॅन्युलोमा म्हणतात. आपण गाठ म्हणू. सूक्ष्मदर्शकाखाली ती पाहिली की तिची रचना नजरेत भरते. मध्ये भक्षक पेशी रूप पालटून एकमेकींना खेटून बसलेल्या; त्यांतल्या काही तर एकजीव होऊन राक्षसी पेशी झालेल्या, एकेका पेशीत डझनावारी केंद्रकं, तीही कडेला नालाच्या आकारात ओळीने लागलेली. त्यांच्याभोवती बारीक, गडद टी पेशींचं कडं. त्याच्याही बाहेर तंतू विणणाऱ्या पेशी. आणि अगदी मधोमध मेलेला भाग, फिक्या गुलाबी रंगाचा, कसलीही रचना न उरलेला. शस्त्रक्रियेत अशी मोठी गाठ कापली तर आत चुरा होणाऱ्या पनीरसारखा पांढरट-पिवळा ऐवज सापडतो. त्या मेलेल्या भागात प्राणवायू जवळजवळ नसतो. जंतू तिथे मरतात किंवा निपचित पडून राहतात. फुफ्फुसाचं नुकसान इथेच सुरू झालेलं असतं, पण ते कणभर आणि फायद्याचं. मूठभर पेशी गमावून शरीराने जंतूला डांबलेलं असतं.

बहुतेकांची गोष्ट इथेच थांबते. गाठ वाळते, तिच्यात चुना साचतो, आणि पुढे कधी कारखान्यात भरती होताना एक्स-रे काढला तर त्यात ज्वारीएवढा पांढरा ठिपका दिसतो. जंतूचा संसर्ग झालेल्या शंभरांतल्या पाच ते दहांनाच आयुष्यात कधी तरी क्षयरोग होतो, त्यांतल्या निम्म्यांना पहिल्या दोन वर्षांत. बाकीच्यांना आपल्या छातीत काही घडून गेलं हे कळतही नाही.

गाठ एकदा बांधली की काम संपलं, असं मात्र नाही. तिची रोज डागडुजी करावी लागते. याचा पुरावा मोठ्या विचित्र वाटेने हाती आला. संधिवातासाठी टीएनएफ नावाचं दाहकारी रसायन रोखणारी इंजेक्शनं निघाली. सांध्यांची सूज उतरली. पण २००१ मध्ये डॉक्टरांच्या लक्षात आलं की हे औषध घेणाऱ्यांपैकी काहींना क्षय होतोय, तोही लवकर आणि शरीरभर पसरलेला. सांधे सुजवणारं तेच रसायन छातीतली गाठ टिकवून धरत होतं.

ही डागडुजी थांबवणाऱ्या आणखी गोष्टी आहेत. एचआयव्हीने टी पेशीच संपतात. मधुमेहाने क्षयाचा धोका सुमारे तिप्पट होतो. गुडघेदुखीवर महिनोन् महिने घेतलेल्या स्टेरॉइडच्या गोळ्या आहेत, ज्या कुठल्याशा पुडीतून येतात आणि ज्यांचं नाव घेणाऱ्यालाही माहीत नसतं. आणि दगडाची धूळ आहे. भंडारा जिल्ह्यात, वरठीच्या उत्तरेला तुमसर तालुक्यात चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणी आहेत. गिट्टी क्रशर तर विदर्भात जागोजागी. खडक भेदताना, गिट्टी फोडताना, भट्टीच्या जुन्या विटा काढताना सिलिकाची अतिसूक्ष्म धूळ उडते. भक्षक पेशी ती गिळते, पचवू शकत नाही आणि मरते. धूळ मोकळी होते, दुसरी पेशी तिला गिळते आणि तीही मरते. पहाराच असा खिळखिळा झाल्यावर क्षयाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. मिलमधला कोंडाही छातीला वाईटच, पण त्याला आणि सिलिकाला एका मापाने मोजू नये.

सगळ्यांत मोठं कारण मात्र साधं आहे: रिकामं पोट. झारखंडमध्ये क्षयरुग्णांच्या घरातल्या १० हजारांहून अधिक माणसांवर झालेला एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाला दोन्ही गटांत जादा आहार मिळाला. एका गटात घरातल्या बाकीच्यांनाही मिळाला. महिन्याला माणशी पाच किलो तांदूळ, दीड किलो डाळ आणि जीवनसत्त्वांच्या गोळ्या. एवढ्यावर त्या घरांत नव्याने क्षय होण्याचं प्रमाण ३९ टक्क्यांनी घटलं, आणि जंतू सापडून पक्कं निदान झालेल्या फुफ्फुसाच्या क्षयापुरतं पाहिलं तर ४८ टक्क्यांनी. कुठल्याही लशीने असा आकडा दिला असता तर तिच्या नावाने जाहिराती झाल्या असत्या. धान पिकवणाऱ्या जिल्ह्याने तांदूळ-डाळीचं हे मोल जरूर लक्षात ठेवावं.

आता त्या काळ्या वर्तुळाकडे येऊ. मोठ्या माणसात क्षय उफाळतो तो बहुधा फुफ्फुसाच्या शेंड्याला. तिथे प्राणवायू भरपूर असतो आणि लसिकेचा निचरा कमी. शरीराची प्रतिक्रिया या वेळी पहिल्यासारखी नवखी नसते; ओळख जुनी आणि राग जास्त. गाठीतला मेलेला ऐवज आतापर्यंत घट्ट होता, तो पातळ होऊ लागतो. भक्षक पेशी आणि त्यांच्या मदतीला धावलेल्या इतर पेशी कोलॅजन कापणारी विकरं सोडतात. कोलॅजन म्हणजे फुफ्फुसाचा ताणा-बाणा. तो तुटला की तिथलं विणकाम पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. पातळ झालेला ऐवज जवळच्या श्वासनळीची भिंत फोडतो, खोकल्याच्या उबळीबरोबर बेडक्यातून बाहेर पडतो आणि मागे पोकळी उरते.

जंतूसाठी यापेक्षा चांगली जागा नाही. हवा खेळती, भक्षक पेशींची वर्दळ कमी आणि बाहेर जायला वाट मोकळी. एकेका पोकळीत कोट्यवधी जंतू मावतात. बेडका काचपट्टीवर पसरून रंगवला की निळ्या पार्श्वभूमीवर लालभडक बारीक काड्या दिसतात, कुठे एकट्या, कुठे जुडीने. एका मिलिलिटरमध्ये पाचेक हजार जंतू असल्याशिवाय सूक्ष्मदर्शकाखाली त्या सहसा सापडत नाहीत. पोकळी असलेल्या माणसात त्या शोधाव्या लागत नाहीत. त्याहून कमी जंतू टिपायला आता जनुकीय चाचण्या आहेत. त्यांतली ट्रूनॅट तर गोव्याच्या मोलबायो कंपनीची, आणि ती चालवायला वातानुकूलित प्रयोगशाळा लागत नाही. पोकळीतला हाच ऐवज खोकताना माणसाच्या स्वतःच्याच फुफ्फुसात दुसरीकडे ओढला जातो आणि तिथे नवा डाग पडतो. आधी वरचा उजवा भाग, मग खालचा, मग डावीकडे.

हे सगळं शरीरच करतं, याचा पुरावा काय? एचआयव्हीने टी पेशी फार कमी झालेल्या रुग्णाला क्षय होतो तेव्हा त्याच्या एक्स-रेत पोकळी क्वचितच दिसते. जंतू अंगभर असतात, माणूस दगावतोही लवकर, पण फुफ्फुसाला भोक नसतं. भोक पाडायला रागावलेली प्रतिकारशक्ती लागते, आणि तीच त्याच्याकडे उरलेली नसते. औषध सुरू झाल्यावर जंतू मरत असतानाच कधी कधी मानेच्या गाठी आणखी सुजतात, ताप परत येतो. ‘गोळ्या अंगी लागल्या नाहीत’ म्हणून रुग्ण त्या सोडायला निघतो. पुष्कळदा तो मेलेल्या जंतूंच्या तुकड्यांवर शरीराने काढलेला राग असतो. अर्थात खात्री डॉक्टरनेच करायची.

रॉबर्ट कॉखलाही हा धडा मिळाला, फार महागात. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये त्याने क्षयाचा जंतू जगाला दाखवला. १८९० मध्ये त्याच जंतूंच्या अर्कापासून केलेलं ट्युबरक्युलिन त्याने औषध म्हणून पुढे आणलं. युरोपभरातून रुग्ण बर्लिनला लोटले. इंजेक्शन दिल्यावर सणकून ताप भरे, रोग असलेली जागा लाल होऊन सुजे, काही वेळा सडे. जंतू तर मरत नव्हतेच. चवताळलेलं शरीर स्वतःलाच ओरबाडत होतं. काही रुग्ण दगावले. पुढल्याच वर्षी विकृतिशास्त्रज्ञ फिर्खोने शवविच्छेदनात ताजे, पसरलेले डाग दाखवून दिले. औषध म्हणून ट्युबरक्युलिन बाद झालं. हातावर सुई देऊन संसर्ग ओळखायच्या चाचणीत ते आजही तग धरून आहे.

जंतू ओळखता येणं आणि मारता येणं यांत सहा दशकांचं अंतर पडलं. त्या अंतरात आपली एक फार मोठी व्यक्ती गेली. आनंदीबाई जोशी १८८३ मध्ये अमेरिकेला निघाल्या तेव्हा कॉखचा शोध वर्षाचा होता. ११ मार्च १८८६ रोजी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्यांनी एम.डी. मिळवली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलातल्या स्त्रियांच्या वॉर्डची जबाबदारी त्यांच्यासाठी ठरली होती. ती घेता आली नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात, बाविशी पुरी व्हायच्या आत, क्षयाने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या हातात पदवी होती. त्यांना वाचवू शकेल असं औषध पृथ्वीवर कुणाच्याच हातात नव्हतं. स्ट्रेप्टोमायसिन आलं १९४० च्या दशकात. तोवर मिरज-पाचगणीची हवा, दूध-अंडी, सक्तीची विश्रांती. पुढे तर छातीत हवा भरून किंवा फासळ्या काढून फुफ्फुस मुद्दाम चेपत, म्हणजे पोकळीच्या भिंती एकमेकींना टेकाव्यात. ऐकायला अघोरी, पण काहींना त्याने गुण येई.

पोकळीचा सर्वांत भीतिदायक क्षण रक्ताचा. बेडक्यात रक्ताची रेघ दिसते ती सुजलेल्या नळीची. पण पोकळीच्या भिंतीतून फुफ्फुसाची एखादी धमनी जात असेल तर तिचं आवरण झिजून ती फुगते. डेन्मार्कच्या रासमुसेनने एकोणिसाव्या शतकातच हा फुगा वर्णिला होता. तो फुटला तर वाटीभर रक्त बाहेर येतं, आणि माणूस रक्त गेल्याने मरण्याआधी स्वतःच्या रक्तात गुदमरून मरू शकतो.

पहिल्या काही आठवड्यांत शरीरभर विखुरलेल्या जंतूंचा हिशेब अजून बाकी आहे. मणक्यात क्षय जागा होतो तेव्हा तो मणक्याच्या पुढच्या भागात, चकतीच्या कडेला बसतो. हाड पुढून ठिसूळ होतं, वरचं वजन त्याला पेलत नाही, मणका पाचरीसारखा पुढे चेपतो आणि पाठीवर टोकदार कुबड येतं. पू साचतो, पण लाली नाही, चटका नाही. तो स्नायूच्या आवरणातून घरंगळत जांघेत येऊन गळू म्हणून दिसतो. रुग्ण जांघ दाखवायला येतो, रोग कंबरेत असतो. मज्जारज्जू दबला तर पाय लुळे. आतड्यात क्षय झाला तर लहान आतडं मोठ्याला मिळतं तिथे व्रण होतात, आणि ते भरताना आतडं आवळतं. म्हणजे बरं होण्यातच अडथळा. थोरले माधवराव पेशवे १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला वारले, वय अवघं सत्तावीस. त्यांचा क्षय आतड्यांचा होता असं मानतात. स्त्रियांत गर्भनलिकेत हेच व्रण भरताना नळी बुजते. ताप नाही, खोकला नाही, फक्त मूल होत नाही.

मेंदूच्या आवरणातला क्षय सगळ्यांत कमी वेळ देतो. मेंदूच्या तळाशी चिकट स्राव साचतो, मेंदूतल्या पाण्याची वाट बंद होते, रक्तवाहिन्या सुजून बुजतात. इथे डॉक्टर क्षयाच्या औषधांबरोबर स्टेरॉइड देतात, म्हणजे प्रतिकारशक्तीला मुद्दाम लगाम घालतात, आणि त्याने मृत्यू कमी होतात. पुडीतलं जे स्टेरॉइड निजलेला क्षय उठवतं, तेच इथे जीव वाचवतं. फरक एवढाच की इथे जंतूंवर त्याच वेळी औषधांचा मारा चालू असतो.

औषधं सुरू झाली की जंतू भराभर मरतात. लघवी नारिंगी होते, ती रिफॅम्पिसिनमुळे. रक्त समजून घाबरू नये. महिन्या-दोन महिन्यांत खोकला थांबतो, वजन चढतं, माणूस ड्युटीवर जातो. पण निपचित पडलेले जंतू सावकाश मरतात, म्हणून कोर्स सहसा निदान सहा महिन्यांचा. फुफ्फुस मात्र बरं होतं ते वण धरून. लहान डाग विरतात. जिथे ताणा-बाणा तुटला तिथे राठ ऊतक भरतं, आकसतं आणि आजूबाजूचं सगळं आपल्याकडे ओढतं. एक्स-रेत कधी कधी मधली श्वासनलिका सरळ न दिसता रोगाच्या बाजूला झुकलेली दिसते. ओढल्या गेलेल्या लहान नळ्या कायमच्या फाकतात, त्यांत कफ साचतो, दर पावसाळ्यात छाती भरते. बऱ्याच जणांची दम धरायची ताकद कायमची घटते. पोत्याखाली खांदा देणाऱ्याला ते पहिल्यांदा कळतं. मोठी पोकळी तशीच राहिली तर तिच्यात बुरशीचा गोळा वाढू शकतो, आणि क्षय जाऊन दहा वर्षं झाल्यावरही रक्त पडू शकतं.

इथे नवा घोटाळा होतो. जुना वण आणि नवा रोग एक्स-रेवर पुष्कळदा सारखेच दिसतात. पूर्वी क्षय झालेला माणूस खोकला, दम किंवा रक्त घेऊन आला की फिल्म उजेडाला धरून ‘पुन्हा टीबी’ म्हणायचा मोह होतो, आणि त्याच्या माथी आणखी सहा महिन्यांच्या गोळ्या बसतात. त्याला खरी गरज कधी दम्यासारख्या पंपाची असते, कधी कफ काढायच्या व्यायामाची, कधी रक्त पडणारी वाहिनी आतून बंद करण्याची. उलटही घडतं: नवा रोग जुना वण म्हणून सोडून दिला जातो, आणि त्यात औषधाला न जुमानणारा जंतू असला तर पुढचे महिने वाया जातात. म्हणून जुनी फिल्म आणि उपचाराचं कार्ड जपून ठेवावं, नव्या फिल्मशेजारी धरावं, आणि बेडका तपासायला द्यावा. थुंकी नको, खोलवर खोकून काढलेला बेडका, शक्यतो सकाळचा पहिला. नुसता जुना वण असेल तर त्यात जिवंत जंतू वाढणार नाहीत. जनुकीय चाचणी मात्र मेलेल्या जंतूंचे अवशेषही टिपते, त्यामुळे पूर्वी क्षय झालेल्याचा नमुना कल्चरलाही, म्हणजे जंतू वाढवून पाहायलाही, पाठवावा लागतो. जंतूच्या त्याच सावकाश दुप्पट होण्यामुळे कल्चरच्या निकालाला काही आठवडे लागतात.